गेम बॉय ॲडव्हान्सच्या गेमचे परीक्षण कसे लिहावे

हातात धरून खेळायच्या कन्सोलवरील गेमचे परीक्षण लिहायला बसणाऱ्या बहुतेकांच्या मनात मापे असतात ती टीव्हीसमोर बसून खेळायच्या गेमची. चित्रे किती तपशीलवार आहेत, जग किती विस्तीर्ण आहे, कथा किती तास पुरते, एवढ्याच प्रश्नांची उत्तरे शोधत ते लिहीत जातात आणि शेवटी ‘छोट्या यंत्राच्या मानाने बरा आहे’ अशा सवलतीच्या शेऱ्यावर येऊन थांबतात. या सवलतीने गेमवर अन्याय होतो आणि वाचकाच्या हाती काही लागत नाही. असा गेम मिळेल त्या उजेडात, मिळेल तेवढ्या वेळात आणि कोणत्याही क्षणी बंद करावा लागेल या गृहीतावर खेळला जाण्यासाठी केलेला असतो, आणि त्याचा कसही त्याच परिस्थितीत लागतो. त्यामुळे परीक्षण लिहिणाऱ्यानेही त्याच परिस्थितीत उभे राहून लिहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

हे सारे नेमकेपणाने सांगता यावे म्हणून येथे एकच कन्सोल घेतला आहे. निन्टेंडोचा गेम बॉय ॲडव्हान्स मार्च २००१ मध्ये जपानमध्ये आणि त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिका व युरोपमध्ये विक्रीला आला, आणि त्याच्या सर्व आवृत्त्या मिळून पुढे आठ कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. २.९ इंचांची, २४० × १६० पिक्सेलची स्क्रीन, दोन पेन्सिल सेलवर साधारण पंधरा तासांची चाल, पुढे दोन आणि वरच्या कडेला दोन अशी कृतीची चार बटणे आणि एकच लहानसा स्पीकर, एवढ्यावर त्याचा संसार होता; आणि पहिल्या आवृत्तीत स्क्रीनला स्वतःचा प्रकाशच नव्हता. मर्यादा इतक्या उघड असल्यामुळे, कोणत्या गेमने त्या ओळखून रचना केली आणि कोणता त्यांच्यावर आदळला, हे या कन्सोलवर फार स्पष्ट दिसते. परीक्षण शिकण्यासाठी याहून चांगली पाटी मला माहीत नाही.

कोणत्या यंत्रावर खेळणार, हे आधी ठरवा

ॲडव्हान्सचा गेम आज अनेक ठिकाणी खेळता येतो आणि प्रत्येक ठिकाणी तो थोडा वेगळा असतो. २००१ चे मूळ यंत्र आहे. २००३ चे घडी होणारे, समोरून उजेड टाकणारे आणि चार्ज होणारे एसपी आहे. २००५ मध्ये आलेली एसपीची मागून उजळणारी आवृत्ती आहे. त्याच वर्षीचे दोन इंची स्क्रीनचे मायक्रो आहे. निन्टेंडोच्याच पुढच्या हँडहेल्ड कन्सोलमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या डीएसमध्येही, या गेमच्या कार्ट्रिज (गेम साठवलेल्या, यंत्रात खोचायच्या लहान डब्या) चालतात, मात्र त्यावर केबल जोडून दोघांनी खेळता येत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून निन्टेंडो स्विच ऑनलाइन या सशुल्क सेवेच्या वरच्या श्रेणीच्या सदस्यत्वातही यांतले निवडक गेम मिळू लागले, आणि तिथे मागे रिवाइंड करण्याची व कुठेही थांबवून ठेवण्याची सोय आहे, जी मूळ गेममध्ये नव्हती.

म्हणून परीक्षणाच्या पहिल्या दोन परिच्छेदांतच ‘मी हा गेम अमुक यंत्रावर खेळलो’ असे स्वच्छ लिहावे. ही औपचारिकता नाही. मायक्रोवर खेळणाऱ्याला अक्षरे बारीक वाटतील, एसपीवर खेळणाऱ्या मोठ्या हाताच्या माणसाची बोटे वरच्या कडेच्या बटणांवर आखडतील, आणि रिवाइंड वापरणाऱ्याला अवघड बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणारा बलाढ्य शत्रू, सोपा वाटेल. वाचकाला हे कळले नाही, तर तुमचे निरीक्षण खरे असूनही त्याच्या उपयोगाचे राहत नाही.

आपल्याकडे अनेकांची या गेमशी ओळख फोनवरच्या एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या ॲपवर, झालेली असते. गोष्ट, संगीत किंवा कोडी यांविषयी तेवढ्यावर लिहिता येईल, पण नियंत्रणांविषयी लिहू नये. काचेवर काढलेल्या बटणाला उठाव नसतो, अंगठा कडेवरून घसरतो आणि उडी चुकते. त्या चुकलेल्या उडीचे खापर गेमवर फोडणे योग्य नव्हे.

जुनी कार्ट्रिज विकत घेऊन खेळणार असाल, तर ती अस्सल आहे का हे आधी पाहावे, कारण नकली कार्ट्रिजमध्ये सेव्ह केलेला खेळ पुसला जाण्याचे प्रकार नेहमीचे आहेत आणि तो दोष गेमचा नसतो. अस्सल कार्ट्रिजलाही वय असते. २००२ च्या ‘पोकेमॉन रुबी’ आणि ‘सफायर’मध्ये घड्याळासाठी एक छोटी बॅटरी होती. ती संपली की गेम सुरू होताना तसे सांगतो, खेळ पुढे चालतो, सेव्हही होतो, पण वेळेवर अवलंबून असलेल्या घटना थांबतात आणि लावलेली बेरीची झाडे वाढत नाहीत. हे ठाऊक नसलेला परीक्षक ‘झाडे लावण्याचा भाग निरर्थक आहे’ असे लिहून मोकळा होईल.

तुकड्यातुकड्यांनी खेळा

हँडहेल्ड गेम सुट्टीच्या दिवशी सलग आठ तास बसून संपवला, तर त्याची निम्मी गुणवत्ता आणि निम्मे दोष दिसतच नाहीत. काही बैठका जाणीवपूर्वक लहान ठेवाव्यात: लोकलमध्ये बोरिवली ते दादर, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत. प्रत्येक वेळी दोन गोष्टी टिपाव्यात. यंत्र सुरू केल्यापासून प्रत्यक्ष खेळायला किती वेळ लागला, आणि बंद करायची वेळ आली तेव्हा गेमने जाऊ दिले की अडवून ठेवले.

दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि परीक्षणांमध्ये तो सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. ‘ॲडव्हान्स वॉर्स’ हा पाळीपाळीने सैन्य हलवण्याचा गेम घ्या. त्यातील एक लढाई तासभर चालू शकते, पण मध्येच मेनूतून सेव्ह करून यंत्र बंद करता येते, आणि परत आल्यावर सगळ्या नकाशावर नजर फिरवली की मागचा डाव मनात उभा राहतो. पाळीपाळीचा खेळ हातातल्या कन्सोलला शोभतो असे जे नेहमी म्हटले जाते, त्याचे कारण हेच आहे: खेळणारा थांबला तर गेमही थांबतो. ‘गोल्डन सन’मध्येही लढाईबाहेर कुठेही सेव्ह करता येते, पण त्याच गेमच्या आरंभी पात्रे इतका वेळ बोलत राहतात, एकेक वाक्य आणि त्यावर मान हलवणे, असे इतके लांबते की दहा मिनिटांच्या प्रवासात खेळणाऱ्याच्या वाट्याला खेळणे जवळजवळ येतच नाही. ‘मेट्रॉइड फ्यूजन’ मात्र ठरावीक खोल्यांमध्येच सेव्ह करू देतो. त्यात जिवाची भीती हा अनुभवाचाच भाग असल्यामुळे ही सक्ती समजण्यासारखी आहे, तरीही वाचकाला ती आधी सांगितली पाहिजे, कारण उतरायचे स्टेशन आले आणि सेव्हची खोली आली नाही, तर वैताग त्याचा होणार आहे.

बैठकांमधले अंतरही वाढवून पाहावे. चार दिवसांनी गेम पुन्हा हातात घेतला तर आपण कुठे होतो आणि काय करायचे होते, हे गेम सांगतो का? नकाशा पुरेसा बोलका आहे का? माझ्या मते हातातल्या कन्सोलवर ही परीक्षा चित्रांच्या दर्जाइतकीच मोलाची आहे.

नोंदी खेळतानाच कराव्यात. संपूर्ण गेम संपल्यावर आठवून लिहिले की शेवटचा बॉस आणि पहिली लेव्हल एवढेच शिल्लक राहते, मधला कंटाळा किंवा मधला आनंद विरून जातो. नोंद लांब नको. ठिकाण, काय घडले आणि त्या वेळी मनात काय आले, एवढे पुरते.

स्क्रीनचा दोष आणि गेमचा दोष

आता या कन्सोलच्या परीक्षणातील सर्वांत खोल प्रश्नाकडे येऊ, आणि त्यासाठी एकच गेम जवळून पाहू. कोनामीचा ‘कॅसलव्हेनिया : सर्कल ऑफ द मून’ हा ॲडव्हान्सबरोबरच २००१ मध्ये आला. ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात नेथन ग्रेव्हज हा तरुण हातात चाबूक घेऊन खोल्यांमागून खोल्या धुंडाळतो. वातावरणाला साजेशी म्हणून रंगसंगती गडद: काळसर निळे, काळसर तपकिरी, त्यावर काळसर शत्रू. हा गेम ज्या यंत्रासाठी केला होता, त्याच्या स्क्रीनला प्रकाश नव्हता. खिडकीशी बसावे, तर काचेवर स्वतःचाच चेहरा दिसे. खिडकीपासून दूर बसावे, तर तळघरातला हाडांचा सापळा भिंतीत मिसळून जाई. त्या काळच्या परीक्षणांत गेमची वाखाणणी झाली, आणि त्याच परीक्षणांत या अंधाराबद्दल तक्रारही वारंवार आली.

तक्रार रास्त होती का? माझ्या मते पूर्णपणे रास्त होती. २००१ मध्ये वाचकाच्या हातात तेच यंत्र होते, आणि ज्या यंत्रासाठी गेम विकला जातो, त्यावर तो दिसला पाहिजे. याच मालिकेतील पुढच्याच वर्षीच्या ‘हार्मनी ऑफ डिसोनन्स’मध्ये रंग उजळ झाले आणि नायकाभोवती चमकती निळसर कडा आली, यावरून ती अडचण करणाऱ्यांनाही मान्य होती असे म्हणता येते.

पण हाच गेम सप्टेंबर २०२१ मध्ये ‘कॅसलव्हेनिया ॲडव्हान्स कलेक्शन’मधून पुन्हा आला, उजळ स्क्रीनवर आला, आणि अंधाराची तक्रार आपोआप संपली. जे गडद म्हणून टाकाऊ वाटत होते, तेच आता धीरगंभीर वाटू लागले. शिल्लक काय राहिले, ते पाहण्यासारखे आहे. नेथन हळू चालतो. सुरुवातीलाच मिळणाऱ्या बुटांमुळे त्याला धावता येते, पण त्यासाठी प्रत्येक वेळी दिशेचे बटण दोनदा दाबावे लागते. थांबलात, वळलात, शत्रूला मारलेत की पुन्हा दोनदा. किल्ला मोठा, त्याच वाटा पुन्हा तुडवायच्या, त्यामुळे ही लहानशी खटपट अंगठ्याला सतत करावी लागते. शिवाय या गेमचे मर्म असलेल्या जादूच्या पत्त्यांची गत पाहा. मर्क्युरी आणि सॅलमँडर हे दोन पत्ते जोडले की चाबकातून आग निघते, अशा रीतीने दहा अधिक दहा पत्त्यांच्या जोड्या लावायच्या. ही कल्पना फार सुंदर आहे. मात्र पत्ते मिळतात ते शत्रू मेल्यावर नशिबाने, आणि कोणता पत्ता कोणत्या शत्रूकडे आहे, हे मूळ गेम कुठेही सांगत नाही. माहिती नसलेला खेळाडू गेममधील सर्वांत चांगल्या गोष्टीला स्पर्श न करताच शेवटापर्यंत जाऊ शकतो.

हे दोन्ही दोष मूळ स्क्रीनवरही होते आणि उजळ स्क्रीनवरही आहेत, म्हणून ते गेमचे आहेत. परीक्षकाने नेहमी हा प्रश्न स्वतःला विचारावा: यंत्र बदलले तर ही तक्रार उरेल का? उरत नसेल, तर ती ‘या यंत्रावर’ असे म्हणून लिहावी. उरत असेल, तर ती गेमच्या रचनेवरची टीका म्हणून पूर्ण वजनाने मांडावी. दोन्ही लिहायच्या आहेत, फक्त एकीचे वजन दुसरीवर टाकायचे नाही.

दुसऱ्या कन्सोलवरून आणलेले गेम

ॲडव्हान्सवर सुपर निन्टेंडो या टीव्हीला जोडायच्या जुन्या कन्सोलचे पुष्कळ गेम आणले गेले आणि त्यांची परीक्षणे ‘तोच जुना आवडता गेम आता खिशात’ एवढ्या आनंदात लिहिली जातात. आनंद खरा आहे, पण तपासण्यासारखे बरेच असते. सुपर निन्टेंडोचे चित्र साधारणपणे २५६ × २२४ पिक्सेलचे असे आणि ॲडव्हान्सचे २४० × १६०. म्हणजे रुंदी किंचित घटली, उंची मात्र चौथ्या भागाहून अधिक गेली. मूळ गेममध्ये वर दिसणारी फळी किंवा खाली दिसणारा खड्डा आता चौकटीबाहेर गेला का, हे उंच चढाईच्या आणि खोल उडीच्या जागी जाऊन पाहावे लागते. या बाबतीत सेगाच्या गेम गिअर या हँडहेल्ड कन्सोलचे उदाहरण बोधक आहे. ‘सॉनिक द हेजहॉग २’ सेगाच्याच टीव्हीवरच्या मास्टर सिस्टीम कन्सोलवरून त्याच्या १६० × १४४ च्या स्क्रीनवर आला तेव्हा पहिल्याच बॉसपाशी उसळत येणारे गोळे दिसेपर्यंत फार उशीर होऊ लागला, आणि टीव्हीवर सरळसोट असलेली ती लढत हातातल्या यंत्रावर कुप्रसिद्ध झाली.  याचे एक मोठे कारण म्हणजे चौकट लहान झाली होती.

बटणांचेही तसेच. सुपर निन्टेंडोवर कृतीची सहा बटणे होती, इथे चार. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’च्या ॲडव्हान्स आवृत्तीत गिरकी घेऊन मारायची उडी उजव्या कडेच्या बटणावर गेली, जुन्या खेळाडूच्या बोटांना हा बदल सवयीचा व्हायला वेळ लागतो, नव्याला काहीच वाटत नाही. अशा वेळी परीक्षणात दोघांचाही विचार व्हावा. रंगांबाबत मात्र सावध राहावे: प्रकाश नसलेल्या स्क्रीनवर दिसावेत म्हणून या आवृत्त्यांचे रंग अनेकदा मुद्दाम फिके, उजळ केलेले असत, आणि ‘डाँकी काँग कंट्री’सारखा गेम आजच्या स्क्रीनवर पाहिला की तो धुतल्यासारखा दिसतो. तसा तो का दिसतो, याचे कारण वाचकाला सांगावे, आणि मग तरीही तो डोळ्यांना कसा वाटतो, हेही सांगावे.

आवाजाविषयी थोडक्यात. ॲडव्हान्सला ध्वनीसाठी सुपर निन्टेंडोसारखी वेगळी सक्षम व्यवस्था नव्हती आणि आवाजांची सरमिसळ मुख्य प्रोसेसरलाच करावी लागे, त्यामुळे अनेक आणलेल्या गेमचे संगीत विरळ आणि खरखरीत ऐकू येते. एकदा यंत्राच्या स्पीकरवर आणि एकदा हेडफोन लावून ऐकल्याशिवाय संगीतावर मत देऊ नये. एसपीला हेडफोनचे साधे छिद्रच नाही, वेगळा जोड लागतो, ही गोष्टही रात्री अंथरुणात खेळणाऱ्या वाचकाला कळली पाहिजे.

जोडून खेळायचे गेम

वेष्टनावर ‘चार खेळाडू’ असे लिहिलेले असले, तरी किती कार्ट्रिज लागतात हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नाही. ‘मारिओ कार्ट : सुपर सर्किट’ एकाच कार्ट्रिजवर चौघांना खेळवतो, पण मग सगळ्यांना वेगवेगळ्या रंगांचे योशी हे एकच पात्र घ्यावे लागते आणि मोजकेच ट्रॅक मिळतात. ‘अ लिंक टू द पास्ट’च्या ॲडव्हान्स आवृत्तीबरोबर दिलेला ‘फोर स्वोर्ड्स’ तर एकट्याने खेळताच येत नाही. किमान दोन खेळाडू, प्रत्येकाचे यंत्र आणि प्रत्येकाची स्वतंत्र कार्ट्रिज हवी. मित्र मिळाला नाही म्हणून तो भाग पाहिला नसेल, तर ‘हा भाग मी खेळलेलो नाही’ असे एका वाक्यात सांगून पुढे जावे. न खेळलेल्या भागाची स्तुतीही करू नये.

केबलला पर्याय दिलेला असतो, तोही तपासावा. ‘गोल्डन सन’मधील आपली पात्रे सगळ्या सामानासकट दुसऱ्या भागात न्यायची असतील आणि केबल नसेल, तर पासवर्ड टिपून घ्यावा लागतो, आणि त्याची पूर्ण आवृत्ती २६० अक्षरांची आहे. कागदावर उतरवताना एक चिन्ह चुकले की सगळे मुसळ केरात. अशी एक बारीक माहिती ‘पासवर्डची सोय आहे’ या वाक्याच्या दसपट काम करते.

लिहायला बसल्यावर

परीक्षणाची सुरुवात गेमच्या इतिहासाने किंवा कंपनीच्या ओळखीने करू नका. पहिल्या परिच्छेदात खेळणारा नेमके काय करतो, हे सांगा. ‘वॉरिओवेअर’बद्दल लिहायचे असेल, तर ‘दोनशेहून अधिक चिमुकले खेळ, प्रत्येकाला जेमतेम पाच सेकंद, आणि काय करायचे हे सांगणारा एकच शब्द’ एवढ्याने वाचकाच्या डोळ्यांपुढे गेम उभा राहतो. त्यानंतर तुमचे मत येऊ द्या, आणि मताच्या मागोमाग त्याचा पुरावा.

पुराव्याविना मत कसे दिसते, ते पाहा: ‘ग्राफिक्स उत्तम आहेत, पण गेम फार डार्क आहे आणि कंट्रोल्स थोडे विचित्र वाटतात.’ हे वाक्य शेकडो गेमना लागू पडेल, म्हणून ते एकालाही लागू पडत नाही. तेच असे लिहिता येईल: ‘मूळ ॲडव्हान्सवर, ट्यूबलाइटखाली बसून खेळतानाही तळघरातले शत्रू भिंतीपासून वेगळे ओळखता येईनात, त्यामुळे मी अनेकदा न दिसलेल्या शत्रूवर जाऊन आदळलो. एसपीवर ही अडचण उरली नाही. उरली ती धावण्याची: प्रत्येक वळणानंतर बटण पुन्हा दोनदा दाबावे लागते आणि लांबच्या परतीच्या वाटेवर अंगठा दुखू लागतो.’ यात स्तुतीचे किंवा निंदेचे एकही विशेषण नाही, तरी वाचकाला निर्णय घेता येतो. ज्याला लांब परतीच्या वाटांचे काही वाटत नाही, तो तुमची टीका वाचूनही गेम घेईल, आणि ते तुमच्या परीक्षणाचे यशच असेल.

‘उत्कृष्ट’, ‘अप्रतिम’, ‘व्यसन लावणारा’ हे शब्द खोडून वाक्य उभे राहते का, ते पाहावे. गेमची लांबी सांगताना नुसते तास सांगू नयेत. ‘मिनिश कॅप’मध्ये सहाच डन्जन (कोडी आणि शत्रूंनी भरलेले बंदिस्त भाग) आहेत आणि त्या दृष्टीने तो लहान आहे, पण दोन तुकडे जुळवून गावात नवे काहीतरी उघडण्याचा त्यातला उद्योग दहा-दहा मिनिटांच्या बैठकांना इतका साजेसा आहे, की मला तो लहानपणा खटकत नाही. उलट त्याच गेममध्ये शिंपले खर्चून सोडतीने मूर्ती जमवायच्या भागात संग्रह भरत आला की त्याच त्या मूर्ती पुन्हा पुन्हा निघण्याचा संभव वाढत जातो, आणि ते तास केवळ वाढवलेले तास आहेत. वेळ कशात जातो, हे लिहिले की लांबीचा प्रश्न सुटतो.

मराठीत लिहिणाऱ्याने आणखी एक गोष्ट अवश्य सांगावी, जी इंग्रजी परीक्षणांत कधी सापडणार नाही: गेमला किती इंग्रजी लागते. हे गेम मराठीत नाहीत. ‘वॉरिओवेअर’ला एकेक शब्द पुरतो, ‘ॲडव्हान्स वॉर्स’मधील शिकवणी लांब असली तरी भाषा सोपी आहे आणि चिन्हांवरूनही बरेच कळते, ‘गोल्डन सन’ मात्र संवाद न वाचता पुढे नेता येत नाही, कारण पुढे कुठे जायचे, हे अनेकदा त्या संवादांतच असते. सहावीतल्या मुलासाठी गेम शोधणाऱ्या पालकाला ही माहिती गुणांकनापेक्षा जास्त उपयोगी पडते.

कथेविषयी लिहिताना पहिल्या तासाभरात जे कळते, त्याच्या पलीकडे शक्यतो जाऊ नये. शेवटावर टीका करायचीच असेल, तर तशी स्पष्ट सूचना देऊन वेगळ्या परिच्छेदात करावी.

गुण द्यायचे की नाहीत, याबद्दल मतभेद आहेत. जपानच्या ‘फामित्सु’ नियतकालिकात चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि बेरीज चाळीसपैकी होते; या पद्धतीचा मला आवडणारा गुण असा की, चौघांमधला मतभेद आकड्यांतच उघड दिसतो. एकट्याने लिहिताना ते शक्य नसते. म्हणून गुण द्यायचेच असतील, तर पाचच पायऱ्या ठेवा आणि प्रत्येक पायरीचा अर्थ एकदा लिहून ठेवा. दहापैकी साडेसात आणि आठ यांतला फरक तुम्हाला शब्दांत सांगता येत नसेल, तर वाचकालाही तो कळणार नाही. मी स्वतः आकड्याऐवजी शेवटी दोन वाक्ये पसंत करतो: हा गेम कोणी घ्यावा व कोणत्या यंत्रावर, आणि कोणी घेऊ नये.

लेख पूर्ण झाल्यावर ज्या जागेवर सर्वांत कडक टीका केली आहे, ती जागा पुन्हा एकदा खेळून पाहावी, शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी आणि दुसऱ्या उजेडात. पहिल्या वेळी अन्यायकारक वाटलेला बॉस दुसऱ्यांदा सहज पडला, तर वाक्य बदलावे. पुन्हा तसाच छळला, तर नेमके कोणत्या हल्ल्याला उत्तर सापडत नाही, ते वाक्यात घालावे. आवृत्तीचे वर्ष, बटणांची नावे आणि पात्रांची नावे गेम समोर ठेवून पडताळावीत. आणि तोच गेम पुढे दुसऱ्या यंत्रावर नव्याने आला, तर जुने परीक्षण न पुसता त्याखाली तारीख घालून नवी नोंद जोडावी: कोणती तक्रार आता लागू नाही, कोणती अजूनही आहे, आणि नव्या आवृत्तीने स्वतःची कोणती भर घातली आहे.